काकाजींचं जपानी घराणं

मला आज जे काही येतं ते काकाजींनी शिकवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी त्यांच्या इतक्या खोड्या सांगणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई त्यांच्यावर चिडलेली दिसते. चिडले मी बऱ्याचदा. पण ते नसते तर मी कुठे असते, हा विचार मनात आला की अजून हातातलं काम थांबतं.

काकाजी नात्याने माझे कोणी नव्हेत. इकडे वऱ्हाडात वडीलधाऱ्याला काकाजी म्हणायची रीत आहे. अमरावतीत त्यांचं मेडिकल आहे. औषधं एका बाजूला, आणि साबण, क्रीम, पावडर असलं सगळं दुसऱ्या बाजूला. मी मालवणाकडची. नववीत शाळा सुटली. नवरा हायवेच्या कामावर रोलर चालवतो, त्याच्यासोबत इतक्या लांब आले. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, जमलं नाही तर होळीला या परत. त्या प्रेमानेच म्हणाल्या असतील, पण ते ‘जमलं नाही तर’ माझ्या कानात रोज वाजायचं.

दुकानात मुलगी पाहिजे असं कळलं म्हणून गेले. काकाजींनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. ते मूळचे शेंदूरजनाघाटचे, घरचा संत्र्याचा बगीचा. दोन भाऊ बगीचा बघतात, हे फार्मसी शिकून अमरावतीला आले. त्यांनी ड्रॉवरमधून एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, साल पाहून सांग, आतून कसं आहे. आम्ही नारळ-फणसवाले, मला संत्र्यातलं काय कळतंय. मी घाबरून म्हटलं, “मला नाही कळत. सोलून बघू का?”

“ठेवून घेतो तुले,” काकाजी म्हणाले. “सकाळपासून दोघी आल्या. दोघींनी न सोलताच सांगतलं, गोड आहे म्हणून.”

मग ते संत्रं त्यांनी स्वतःच सोलून खाल्लं. आंबट होतं. तोंड वाकडं न करता सगळं संपवलं, आणि बिया मोजून कागदात बांधून खिशात टाकल्या. त्या बियांचं ते काय करतात हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काकाजी गिऱ्हाइकाचा चेहरा बघत नाहीत. बाई क्रीम मागायला आली की म्हणतात, कोपर दाखव. काही बायका रागावून जातात, काही हसतात, काही मुकाट बाही वर करतात. मी विचारलं, असं का, तर म्हणाले, “चेहरा धुऊन येते. कोपर धुऊन कोणी येत नाई.” आणि कोणी विचारलं की याने गोरं होतं का, तर काकाजी चष्मा काढून पुसायला घेतात. ती आता काही ऐकून न घेण्याची खूण. मग शांतपणे सांगतात, भिंतीले चुना मार, ते लवकर होते. एकदा एक साहेबीण हे ऐकून अशी तरातरा निघाली की चप्पल एक दारातच राहिली. काकाजींनी ती मला देऊन पाठवली, वर निरोप दिला की टाचेला भेगा आहेत, त्याचं मलम आमच्याकडे आहे. ती बाई दुसऱ्या दिवशी येऊन मलम घेऊन गेली. आता ती आमची पक्की गिऱ्हाईक आहे, अजून काकाजींशी बोलत नाही.

मी लागले त्याच सुमाराला अकोल्याच्या वितरकाने एका जपानी कंपनीचा माल पाठवायला सुरुवात केली. खरं तर एका कंपनीचा, हे आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं. पाच तऱ्हेची खोकी आली. प्रत्येकाचं नाव वेगळं, रंग वेगळा, अक्षर वेगळं. एक पांढरीशुभ्र बाटली, एक हिरवी, एक छोटी पिवळी ट्यूब, एक लाल डबी आणि एक निळी, उन्हात जाताना लावायची. मला वाटलं पाच कंपन्या असतील. एका कंपनीचं इंग्रजी वाचताना मला घाम फुटतो, इथे पाच, त्याही जपानी.

काकाजींनी भिंग काढलं. पाचही डब्या पाठमोऱ्या करून ओळीने मांडल्या आणि मला म्हणाले, वाच. मी म्हटलं, जपानी कशी वाचू. ते म्हणाले, “वाचता नाई येत तं चित्र समजून पाह्य. कोण्या दोन डब्यांवर सारखं चित्र आहे, तेवढंच सांग.”

मी भिंग घेऊन बसले. दुपार गेली. खाली अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. पांढरीवर होती ती हिरवीवर होती. हिरवीवर होती ती पिवळीवर. पाचांवर तीच ओळ. मी ओरडलेच, काकाजी, हे सगळे एकाच घरातले.

ते म्हणाले की आता तू बी. एस्सी.वाल्याच्या बरोबरीची झाली, कारण त्यालाही हे वाचता येत नाही आणि त्याने खाली वाकून बघितलंही नसतं. मला त्यांनी असं काही म्हटलं की रात्रभर बरं वाटायचं. सकाळी पुन्हा धाकधूक सुरू.

‘घर’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि काकाजींना खेळणं सापडलं. त्यांनी त्याच दिवशी त्या जपान्यांचं घराणं मांडलं. कंपनी म्हणजे सासरा. तो पाठीमागे बसतो, पुढे येत नाही, पण घर त्याच्या नावावर. पांढरी बाटली हा मधला भाऊ, गरीब स्वभावाचा, कातडीला पाणी धरून ठेवणारा, कोणाशी भांडण नाही. त्याची पोरं पण पुष्कळ. पातळ, घट्ट, म्हाताऱ्यांसाठी, तरुणांसाठी, सगळी बापाच्या तोंडावळ्याची, म्हणून एक घेतलं तर दुसरं घ्यायची गरज नाही. पिवळी ट्यूब ही नणंद, व्हिटॅमिन सीची. कामाची, पण झाकण उघडं राहिलं की आतून काळवंडते आणि रुसते. निळी हा दारातला राखणदार, त्याच्याशिवाय उन्हात जायचं नाही. हिरवी बाटली पुटकुळ्यांची, तिच्यात आम्ल, जुनी कातडी खरवडून काढणारी. हा घरातला भासरा. आणि लाल डबी सुरकुत्यांची. ती फक्त रात्री लावायची, दिवसा उजेडात बाहेर काढायची नाही. ती भावसून.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बसून आम्ही कोळंबी सोलतो. इथे जुन्या घरांत तसं नाही. धाकट्या भावाची बायको, म्हणजे भावसून, भासऱ्यासमोर पदर घेते, पाठ करून उभी राहते, तो ज्या खोलीत बसलाय तिथे बसत नाही. काही घरांत तर त्याचं नावसुद्धा घेत नाही. काकाजींनी मला बजावलं की हिरवी आणि लाल, या दोघांची एका रात्री एका चेहऱ्यावर गाठ पडू द्यायची नाही. एवढं सांगून त्यांनी कपाटातली लाल डबी फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं, कारण समोरच्या फळीवर हिरवी होती.

मी ते डायरीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवसापासून सकाळी झाडलोट झाली की पहिलं काम, लाल डब्या भिंतीकडे फिरवायच्या. नवा माल आला की आधी हिरवीची जागा बघायची, मग लालची पाठ करायची. एकदा हिरव्या बाटल्या दोन्ही बाजूंना आल्या, तेव्हा मी लाल डब्यांवर हातरुमाल टाकला. काकाजी त्या रुमालाकडे बराच वेळ बघत होते. मग खोकल्याची उबळ आल्यासारखे मागच्या खोलीत गेले.

या घराण्याची खरी गंमत गिऱ्हाइकांत चालायची. एक मास्तरीणबाई पांढऱ्या बाटलीवर फार रागावल्या होत्या. चिकट आहे, भिकार आहे, मला त्या दुसऱ्या कंपनीचं द्या, असं म्हणून त्यांनी पिवळ्या ट्यूबकडे बोट केलं. काकाजींनी अगदी गंभीर चेहऱ्याने ट्यूब दिली, आणि म्हणाले की बरोबर केलं बाई, त्या घरात मुलगी चांगली आहे. बाई खूश होऊन गेल्या. कोणाच्या घरात, कोणाची मुलगी, त्यांनी विचारलंच नाही. आणि आगाऊ गिऱ्हाईक आलं, इंटरनेटवर सगळं वाचून आलेलं, की काकाजी आतलं जपानी माहितीपत्रक उघडून मोठ्याने वाचायला लागत. हाय-को-मी-तो-शी असं काहीतरी, चढ-उतार घेऊन, मध्येच मान डोलावून. गिऱ्हाईक गप्प. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थक्क झाले, आणि विचारलं, कुठे शिकलात. ते म्हणाले, आता इथेच.

हे असं मजेत चाललेलं असताना काकाजींनी एक दिवस सांगितलं की त्यांचा पुतण्या फार्मसी होऊन दुकानात येणार आहे. दोघांचंच दुकान, तिसरा पगार परवडणार नाही. माझ्या नवऱ्याचं काम तेव्हा पुढे वाशीमकडे सरकत होतं, तो तिकडे साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. म्हणजे काम गेलं तर मी गावी. होळीला महिना होता. मी तेच स्टूल पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

“रडून नको राहू,” काकाजी म्हणाले. “कंपनीवाले प्रत्येक जिल्ह्यात आपली एक पोरगी ठेवणार हायेत, दुकानात उभी राहून समजावून सांगाले. पगार त्यांचा, जागा माया दुकानातली. तुयं नाव देतो.”

अट होती बारावी पास. फॉर्म काकाजींनीच भरला. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘चालू आहे’. मी म्हटलं, काकाजी, हे खोटं आहे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणून मी गप्प बसले.

निवड अकोल्याला होती, जुन्या शहरात, वितरकाच्या गोदामाच्या वर. आम्ही सकाळच्या बसने गेलो. काकाजींनी मूर्तिजापूरपर्यंत माझी उजळणी घेतली, पुढे झोपले. मोर्णा नदीचा पूल ओलांडून त्या गल्ल्यांत शिरलो तेव्हा मी मनात तीच उजळणी पुन्हा करत होते. वर पाच मुली होत्या, सगळ्या शिकलेल्या, सगळ्यांचे केस सरळ केलेले. मुंबईहून एक ट्रेनर मॅडम आल्या होत्या. टेबलावर सगळा माल विस्कटून ठेवला होता. एकेकीने येऊन तो मांडायचा, आणि मग खरं गिऱ्हाईक येईल त्याला माल द्यायचा. घरच्या माणसांनी जिन्यात थांबायचं. काकाजी जिन्यात बसले, पण सगळ्यात वरच्या पायरीवर, डोकं आत.

बाकीच्यांनी छान मांडलं. रंगाप्रमाणे, नावाप्रमाणे, उंचीप्रमाणे. माझी पाळी आली. मला काही सुचेना, तेव्हा हात आपोआप चालले. मधला भाऊ मधे, पोरं त्याच्या पुढे. नणंद सावलीत. राखणदार कडेला. हिरवी एका टोकाला, लाल दुसऱ्या टोकाला, आणि सवयीने मी लाल डब्या फिरवल्या. पाठ हिरवीकडे.

मॅडम म्हणाल्या, “या उलट्या का ठेवल्यात? नाव दिसत नाही.”

खोटं सांगायला वेळ लागतो, तेवढा माझ्याकडे नव्हता. मी म्हणाले, “तिचा भासरा समोर आहे.”

मग एक मुलगी फिसकन हसली आणि सगळ्या हसत सुटल्या. मॅडमना कळेना. जिन्यात काकाजींनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. मला वाटलं, संपलं. होळीची गाडी पकडायची.

तेवढ्यात खरं गिऱ्हाईक आलं. जुन्या शहरातल्याच एक आपा, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या, साठीच्या, पान खाल्लेल्या. त्यांच्याकडे एक नवरी होती, चार दिवसांवर निकाह, तोंडावर पुटकुळ्या, आणि आपांना चार दिवसांत चकाकी पाहिजे होती. हिरवी द्या आणि लाल पण द्या, दोन्ही आज रात्रीपासून लावते, असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. पाचही मुलींनी दोन्ही दिलं, हसून, पिशवीत भरून. एकीने एक साबणही दिला. बिचारीने खरं तर चांगला खपवला.

माझ्यासमोर आपा आल्या. मी म्हटलं की दोन्ही नाही देणार. त्यांनी भुवई वर केली, कायको नै देणार. मी हळू आवाजात सांगितलं, “आपा, हा जेठ आहे आणि ही धाकटी सून. दोघं एका रात्री एका चेहऱ्यावर आले तर चेहरा सोलून निघेल. आणि चार दिवसांवर लग्न असताना घरात नवा पाहुणा कशाला घेता? पांढरी लावा, उन्हात निळी लावा. हे दोघं लग्नानंतर, ते पण एक दिवसाआड.”

आपांनी हातातली हिरवी बाटली टेबलावर ठेवली, आणि लाल डबी माझ्यासारखीच फिरवून तिची पाठ केली.

“जेठ के सामने दुल्हन,” त्या मॅडमकडे वळून म्हणाल्या, “तोबा. तुमी मले तीन डाव कागद वाचून दाखवला बाई, माया डोक्यात नाई घुसला. या पोरीनं एका बोलात सांगतलं.”

मॅडमनी टेबलाचा फोटो काढला. मग त्या खुर्चीत बसल्या, माझा फॉर्म घेतला, आणि त्यांचं बोट त्या रकान्यावर थांबलं. शिक्षण चालू आहे म्हणजे कितवी, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “नववी. पुढे शाळा सुटली. ते काकाजींनी लिहिलंय, पण कागद माझा आहे.”

जिन्यातून आवाज आला, “चालूच हाये. माया दुकानात. मी खोटं लिवत नाई.”

मॅडमनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, अट बारावीची आहे, मी एकटी ठरवू शकत नाही, मुंबईला विचारावं लागेल. आणि फॉर्म बाकीच्यांच्या खाली ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. काकाजी या वेळी झोपले नाहीत. मग म्हणाले की डबी फिरवायचं ते त्यांनी पहिल्या दिवशी गंमत म्हणून केलं होतं. दोघांना एका चेहऱ्यावर आणायचं नाही हे खरं, पण कपाटात पाठ करायची काही गरज नव्हती. मी रोज मन लावून फिरवायला लागले, रुमालसुद्धा टाकला, तेव्हा त्यांना सांगायची लाज वाटली.

सहा महिने मी त्या डब्यांच्या पाठी करत होते.

“आता माफ कर बाप्पा,” काकाजी म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

आठ दिवस गेले. पुतण्या आला, चांगला मुलगा, मला ताई म्हणायला लागला, त्यामुळे आणखीच वाईट वाटायचं. मी पिशवी भरून ठेवली होती. काकाजी रोज पोस्टमनच्या वेळेला दुकानाबाहेर उभे राहायचे, मला कळू नये म्हणून झाडू हातात घेऊन. आख्ख्या जन्मात त्यांनी झाडू धरला नसेल. कचरा इकडचा तिकडे व्हायचा, तो मी परत झाडायचे. नवव्या दिवशी पोस्टमन नाही आला, कुरिअर आलं. आत माझ्या नावाचा बिल्ला होता. बरोबर मॅडमची चिठ्ठी होती, की सहा महिने बघू, आणि तुमच्या मांडणीचा फोटो नागपूरच्या ट्रेनिंगला दाखवला आहे.

सहा महिने होऊन आता तीन वर्षं झाली. दुसरी एक भानगड मात्र होऊन बसली आहे. वऱ्हाडभर पार्लरवाल्या बायका माल नावाने मागतच नाहीत. एक भासरा द्या, दोन भावसुना द्या, असं मागतात. खेड्यातल्या एक आजी आल्या होत्या नातीसाठी पुटकुळ्यांचं औषध न्यायला, त्यांना भासरा हा शब्दच तोंडातून काढवेना. त्यांनी पदर पुढे ओढून नुसतं हिरवीकडे बोट दाखवलं. काकाजींनी मान खाली घालून बाटली बांधून दिली, अगदी अदबीने, आणि त्या गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन खोकत बसले.

कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून मला अजून फोन येतो तेव्हा मी उभी राहून बोलते. बिल्ला तीन वेळा तपासून घरातून निघते. भीती गेली नाही, पण तिला आता कामाला लावलंय. आणि आभार मानायला गेले की काकाजी चष्मा काढतात, म्हणून तेही राहूनच गेलं आहे.

तर इथे लिहून ठेवते. ज्या गावी मी हरून परत जाणार होते, त्या गावी मी काकाजींना पाहुणा म्हणून नेणार आहे. त्यांनी समुद्र बघितलेला नाही. बघायची इच्छाही नाही, खाऱ्या पाण्याने साल खराब होते म्हणतात. पुतण्या दुकान सांभाळेल, मी रजा टाकेन, आणि त्यांना आमच्या बंदरावर गुडघाभर पाण्यात उभं करेन. नाक मुरडू देत, कुरकुर करू देत. सासूबाईंना सांगेन, मला जमलं ते यांच्यामुळे. हे मी करणार, काकाजी, तुम्ही कितीही चष्मा पुसत बसलात तरी.